चिंचेने घासलेले दगड

म्हसळ्याहून दिघीकडे जाणारा रस्ता आमच्या गावापाशी रुंद करायला घेतला, तेव्हा मी सातवीत होते. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. आमच्याकडे ते सुरुंगाच्या रूपाने पोचलं, असं बाबा म्हणत. शिट्टी वाजली की बायका पोरांना घरात ओढायच्या, डोंगर धडाडायचा, आणि धूळ बसली की मी धावत रस्त्यावर जायची. आमचा काळा कातळ दिसायला ठार रुक्ष. पण फुटला की त्याच्या पोटातल्या पोकळ्यांत पांढरं, गुलाबी, हिरवट असं काहीबाही चमकताना दिसायचं. कामावरची माणसं त्या सगळ्याला 'काच' म्हणत आणि खडीत टाकून देत.

एकदा माझ्या ओच्यातले दगड शाळेतल्या मास्तरांनी पाहिले. मला वाटलं, आता हसणार. ते चक्क मातीत मांडी घालून बसले आणि एकेक दगड उन्हात फिरवून बघू लागले. तोवर माझ्या कुठल्याही गोष्टीकडे कुणी इतका वेळ पाहिलं नव्हतं.

मग ते मला शिकवू लागले. दगडावर आधी नखाने ओरखडा काढून बघायचा, नाही उठला तर तांब्याच्या पैशाने, मग सुरीने. गार म्हणजे क्वार्ट्झ, ती सुरीला दाद देत नाही, उलट काचेवर रेघ मारते. लिंबाचा थेंब टाकला की फसफसतो तो कॅल्साइट. हे कळलं तेव्हा मी घरातली लिंबं संपवली आणि आईचा धपाटा खाल्ला. प्रत्येक दगडाखाली चिठ्ठी ठेवायची, कुठे सापडला त्याची. "ठिकाण हरवलं की दगड अनाथ झाला," असं मास्तर म्हणत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वस्तू निघाली तशीच ठेवायची, तिला सजवायला जायचं नाही.

वळणावरच्या कातळात मला माझा सगळ्यांत मोठा दगड मिळाला. फोडलेल्या नारळाच्या भकलाएवढा, आणि आत केसाहून बारीक पांढऱ्या सुया, पिंजलेल्या कापसासारख्या दाटून आलेल्या. मास्तरांनी तो पाहिला आणि त्यांचा आवाजच खाली गेला. "ह्याला आत बोट लावायचं नाही. मुंबईत आमचे प्राध्यापक आहेत, त्यांना दाखवायलाच हवा हा."

इथे बाबा मध्ये आले. पोरीची जात दगड गोळा करत हिंडते हे त्यांना पसंत नव्हतंच, त्यात एक स्थळ सांगून आलेलं. पण मास्तरांची भीड पडली. बाबा म्हणाले, "येऊ दे तुमचा मोठा मानूस. त्यानं सांगितलं की पोरीत काय हाय, तर श्रीवर्धनला मावशीकडं ठेवतो, हायस्कुलात घालतो. न्हायतर वैशाखात उजवून टाकतो." बाबांचा शब्द म्हणजे शब्द. त्या दिवसापासून मी दगडांकडे दगड म्हणून बघायचंच विसरले. ते माझं हायस्कूल होतं.

प्राध्यापक आले त्या सकाळी मी मास्तरांबरोबर त्यांना रस्त्यावरून आणायला गेले. परतले तर ओटी सारवलेली, चादर अंथरलेली आणि तिच्यावर माझे सगळे दगड ओले, लखलखीत. चिंचेचा वास नाकात शिरला. आई दारातून पुढे झाली आणि माझ्या कानात म्हणाली, "बघ कशे चमकतायत. त्या मोठ्याला तर बुरशी धरली व्हती, काथ्यानं घासून घासून काढली." पितळ घासून आरशासारखं करण्यात गावात तिचा हात कुणी धरत नसे. लेकीची लाज राहावी म्हणून तिने जीव ओतून घासलं होतं.

प्राध्यापकांनी मोठा दगड उचलला, भिंगातून पाहिला. "इथे सुया होत्या. सगळ्या मोडल्यात. हे कुणी केलं?"

दारात आई पदराला हात पुसत हसतमुख उभी होती. शेजारी बाबा. जेवणात खडा लागला तर पाहुण्यांदेखत ताट भिरकावणारे बाबा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी तो दगड अखंड पाहिला होता. चिंचेचा वास त्यांनाही येत होता. 'सर, परवापर्यंत मी स्वतः पाहिलाय, शाबूत होता, तिच्या चिठ्ठ्या बघा,' एवढं ते बोलले असते तर आईचं नावही निघालं नसतं.

मास्तर म्हणाले, "खेड्यातली मुलं, सर. सांगून सांगून थकलो मी."

"हौस आहे, पण वस्तू राखायची शिस्त नाही," प्राध्यापक म्हणाले. वर, मुलगीच आहे, चालायचंच, असंही म्हणाले. चहा घेतला आणि दिघीची होडी चुकेल म्हणून घाईने निघून गेले. बाबांनी मला काही विचारलं नाही. त्यांना हवं तेवढं ऐकू आलं होतं.

आई पुढे जन्मभर प्राध्यापकाला शिव्या देत राहिली. "मेल्याला डोळंच न्हवतं. मी किती घासलं व्हतं!" मी हो ला हो करत गेले. तिच्यावर रागावणार कशी? बाबांनी तर बोलल्याप्रमाणेच केलं. राग आला तो मास्तरांचा, आणि इतकी वर्षं झाली, तो उणा झालेला नाही. लोक म्हणतात वय झालं की माणूस माफ करतो. मला जमलं नाही, आणि जमावं असं वाटतही नाही.

वैशाखात माझं लग्न झालं. मास्तर आले, पोटभर जेवले, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि आहेर म्हणून पितळेचा तांब्या दिला.

सासूबाई म्हणायच्या, "अगो, तुझा तो तांब्या काळा पडलाय, जरा चिंच लाव." मी "लावते" म्हणायची. घरातली बाकी सगळी भांडी घासायची. तो तांब्या मात्र मी एकदाही घासला नाही.