ब्राउझरवाल्या सरांचा हयातीचा दाखला

सर कुणाच्याही घरी गेले की खुर्चीत टेकायच्या आधी विचारायचे, "तुमच्याकडं ब्राउझर कोणता?" पाण्याचा तांब्या पुढे केलेली बाई तशीच उभी राहायची. सरांना दिसत नव्हतं, म्हणून ती किती अवघडली आहे ते त्यांना कळायचं नाही. कळलं असतं तरी त्यांनी प्रश्न मागे घेतला नसता. सापगावात एका बारशाला त्यांनी बाळाच्या आजोबांचा मोबाइल मागून घेतला आणि बायकांचा पाळणा म्हणून होईपर्यंत त्यात दुसरा ब्राउझर घालून दिला. आजोबा आठवडाभर मोबाइल हातात धरून दारोदार विचारत होते, "यातलं आधीचं कुठं गेलं रे?" शहापुरात काठीचा आवाज आला की लोक म्हणायचे, "आला ब्राउझर."

मला हा माणूस कधी आवडला नाही. दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले, रोज दीड-दोन तास, आणि दोन वर्षांत एकही दिवस असा नाही की घरी जाताना मी मनात त्यांच्याशी भांडले नाही. तोंडावर बोलायची माझी हिंमत नव्हती. अनोळखी माणसासमोर माझा आवाज घशातच राहतो, लहानपणापासून. सरांना ते लगेच कळलं. आंधळ्या माणसाला आवाजावरूनच सगळं कळतं आणि ते त्याचा फायदा घेतात. निदान हे तरी घ्यायचे.

आधी मी त्यांच्याकडे भांडी घासायला जायची. सर मुरबाडच्या एका शाळेत कंप्युटर शिकवत. काचबिंदूनं डोळे गेले, नोकरी गेली, आणि नवरा-बायको दोघं शहापूरला, मॅडम शिकवायच्या त्या शाळेजवळ राहायला आली. एक दिवस मॅडमना शाळेत जायची घाई होती आणि टपालानं कागद आला होता. त्यांनी मला विचारलं, "तुला वाचता येतं ना गं?" मी चौथी पास आहे. मी हात पुसून कागद वाचला, अडखळत, पण पूर्ण. दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी भांड्यांना दुसरी बाई ठेवली आणि मला सरांजवळ बसवलं. आमच्या घरात मला कुणी कधी काही वाचायला सांगितलं नव्हतं. पहिले चार दिवस मला झोप आली नाही, एवढं बरं वाटलं होतं. पाचव्या दिवशी सर म्हणाले, "चौथी पास झालीस का चौथीतून पळालीस?"

त्यांच्या कंप्युटरमध्ये एक बोलणारं यंत्र होतं. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते यंत्र मोठ्यानं वाचायचं आणि सर बोटांनी बटनं दाबत पुढे जायचे. मग मी कशाला? तर त्याचं कारण ब्राउझर. इंटरनेटवरचं पान ज्या खिडकीतून दिसतं ती खिडकी म्हणजे ब्राउझर, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. सरांचा स्वतःचा एक ब्राउझर होता, फुकट मिळणारा. त्यात यंत्र नीट बोलायचं. पण कितीतरी पानं त्यात उघडायचीच नाहीत. नुसती पाटी यायची, की अमक्याच ब्राउझरमध्ये या. त्या अमक्यात गेलं की यंत्र मुकं व्हायचं, नाहीतर "बटन, बटन, बटन" असं म्हणत बसायचं. कुठलं बटन कशाचं, ते सांगायचं नाही. तिथं माझं काम सुरू व्हायचं.

"पान बांधायचे नियम आहेत," सर म्हणायचे. "साऱ्या जगानं बसून ठरवलेत. चित्राला नाव द्या, बटनाला नाव द्या, पान कुठल्याही ब्राउझरात उघडेल असं करा. एवढंच! पण यांना नियम पाळायचे नाहीत. यांच्या कंप्युटरवर दिसलं म्हणजे जगाला दिसलं."

हे ते मला सांगायचे, मॅडमना सांगायचे, दूधवाल्याला सांगायचे. आणि ज्यांच्या हातात ते होतं त्यांना पत्रं लिहायचे. मला तेव्हाच कळलं होतं, की यांचं म्हणणं जगानं ऐकलं तर माझी खुर्ची उचलली जाणार. एक बिल भरायचं पान त्यांच्या पत्रांनी सुधारलं. सरांनी मला पेढा दिला. त्या दिवसापासून माझा अर्धा तास कमी झाला. तो पेढा मी घरी नेला नाही, जिन्यातच खाल्ला. गोड लागला नाही.

एसटी स्टँडजवळ पिंट्याचं फॉर्म भरायचं दुकान होतं, तीन कंप्युटरचं. सर मला घेऊन तिथं जायचे आणि तिन्हींवर आपला ब्राउझर घालायचे. पिंट्या संध्याकाळी काढून टाकायचा. पुढच्या आठवड्यात पुन्हा घालायचे.

"सर, माझं गिऱ्हाईक फॉर्म भरायला येतं. ब्राउझर बघायला नाय येत."

"कंप्युटरबरोबर आला म्हणून तोच वापरतोस. भाड्याच्या खोलीत आधीच्या माणसाची चप्पल मिळाली तर घालशील का?"

"मापाची असली तर घालीन की!"

रांगेतली माणसं हसली. मीही हसले, तोंडाला पदर लावून. सरांनी मान माझ्याकडे वळवली. "तू हसू नको. तुला तर मापही कळत नाय." ती माणसं मग मला हसली. मी चपलेकडे बघत उभी राहिले. अशी कितीतरी अपमानांची ठिकाणं आहेत शहापुरात, मी अजून त्या रस्त्यानं जात नाही.

सगळ्यात वाईट पान पेन्शनचं होतं. सरांना दर वर्षी त्या पानावर आपण हयात आहोत असा दाखला भरावा लागे. नाही भरला तर पेन्शन बंद, म्हणजे कागदावर माणूस मेला. ते पान सरांच्या ब्राउझरात उघडत नसे. आम्ही दुसऱ्यात उघडायचो. मी वाचायची, ते सांगायचे, मी एका बोटानं टाइप करायची. शेवटी एक चौकट यायची आणि तिच्यात इंग्रजी अक्षरं, वाकडीतिकडी, वर रेघोट्या मारलेली. भरणारा माणूस आहे का यंत्र ते तपासायला. ती ओळखून खाली लिहायची. सर कडू तोंड करून म्हणायचे, "ऑफिसला मी जिवंत आहे का ते पायजे, आणि पानाला मी माणूस आहे का ते पायजे."

मला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. मी आकार सांगायची आणि सर ओळखायचे.

"काठी आहे. काठीला पोट आहे."

"पोट कुठल्या बाजूला?"

"माझ्या का तुमच्या?"

"स्क्रीनच्या गो, स्क्रीनच्या! मूर्ख बाई!"

तोवर वेळ संपायचा आणि नवी अक्षरं यायची. पहिल्या वर्षी आम्हाला अख्खी दुपार लागली. दाखला गेला तेव्हा सर घामानं भिजले होते. मला वाटलं आता तरी बरं बोलतील. ते म्हणाले, "मी जिवंत आहे हे सांगायला मला तुझं तोंड लागतं. याच्यापेक्षा वाईट काय असतं?" मी चहाचा कप उचलून आत गेले. माझ्या तोंडाबद्दल असं कुणी बोललं नव्हतं.

एकदा मात्र मी त्यांचा वेगळाच आवाज ऐकला. डोळखांबकडच्या एका पाड्यावरच्या मुलीचा फोन आला होता. तिलाही दिसत नव्हतं, तिला तर जन्मापासून, आणि कॉलेजचा अर्ज भरायचा होता. सर तासभर तिला सांगत होते. "आता परत दाब पोरी. ऐकू आलं? नाय आलं तर नाय. आपल्याला घाई नाय. चुकली तर चुकू दे, परत येऊ." मी दाराशी थांबून ऐकत होते. ती चार वेळा चुकली. चारही वेळा सर हसले. म्हणजे हे त्यांना येत होतं. माझ्यासाठी ते वापरायचे नाहीत, एवढंच. त्या मुलीचा मला राग आला, आणि मग माझा मलाच राग आला.

सरांच्या पत्रांना कंटाळून शेवटी पेन्शनच्या ऑफिसनं त्यांना भेटीला बोलावलं. मला बरोबर जावं लागलं. साहेबांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या, मी मागे भिंतीला उभी राहिले. सर अर्धा तास बोलले. नियम, ब्राउझर, बटनांची नावं, बोलणारं यंत्र. साहेब मोबाइल बघत ऐकत होते.

"कंप्युटरबरोबर येतो तो ब्राउझर वापरा ना सर. सगळे तोच वापरतात."

"त्यात माझं यंत्र बोलत नाय. मला एकट्याला दाखला भरता येत नाय."

साहेबांनी मान वर केली आणि मला पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अहो, पण या बाई आहेत ना! त्या भरतात ना तुमचा? मग झालं की." त्यांनी कागद ओढला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "अर्जदारास मदतनीस उपलब्ध आहे. सबब तक्रार निकाली." सही करायच्या आधी त्यांनी मला विचारलं, अगदी गोड आवाजात, "काय बाई, भरता ना तुम्ही?"

हो म्हणायचं होतं. एक शब्द. पान आहे तसं राहिलं असतं आणि माझी खुर्चीही. सर वळून माझ्याकडे तोंड करून बसले होते आणि त्यांची बोटं काठीवर टकटक वाजत होती, मी वाचताना अडले की वाजायची तशी. ती टकटक ऐकली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"नाय," मी म्हटलं. "मी नाय येणार यांच्याकडं."

"का बरं?"

"हे मला रोज मूर्ख म्हणतात. चारचौघांत हसतात. आमच्यासारखीनं का यावं? उद्या मी नाय आले तर हे मेलेच ना तुमच्या कागदावर? मग लिहा तसं. मदतनीस नाय म्हणून लिहा."

एवढं बोलणं माझ्या तोंडून ऑफिसात, साहेबांसमोर! शिपाई हसायला लागला. साहेबांना काय करावं कळेना. त्यांनी लिहिलेली ओळ खोडली. काय लिहू, काय लिहू, असं करत शेवटी लिहिलं, "पान दुरुस्तीसाठी वर पाठवावे." आणि सही केली.

लोक म्हणतात मी सरांच्या बाजूनं बोलले. मॅडम तर रडल्या होत्या. खरं सांगायचं तर मी कुणाच्या बाजूनं बोलले नाही. दोन वर्षांचं साचलेलं होतं, ते बाहेर पडलं. घरी जायला रिक्षात बसलो. आसनगावच्या फाट्याला सर म्हणाले, "रोज नाय म्हणत मी मूर्ख."

"रविवारी नाय म्हणत," मी म्हटलं. "रविवारी मी येत नाय."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला गेले. सरांनी कंप्युटर चालू केला. आम्ही अधूनमधून पेन्शनचं पान उघडून पाहायचो, सरांच्या ब्राउझरात ती पाटी यायची, सर चरफडायचे, मला मात्र हायसं वाटायचं. असं पावसाळाभर चाललं. दिवाळी झाल्यावर पुन्हा दाखल्याचे दिवस आले. मी खुर्ची ओढली.

"थांब," सर म्हणाले. "खुर्ची नको."

पान उघडलं होतं, त्यांच्या ब्राउझरात. यंत्र बोलत होतं. "नाव, लिहिण्याची जागा. जन्मतारीख, लिहिण्याची जागा." सरांची बोटं भरभर चालली. शेवटी चौकट आली, पण आता तिच्यात अक्षरांऐवजी आकडे ऐकवायचं बटन होतं, आणि त्या बटनाला नाव होतं. एका बाईचा आवाज सावकाश आकडे म्हणाला. सरांनी ते लिहिले. पुढची दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग यंत्र म्हणालं, "आपला हयातीचा दाखला स्वीकारला आहे."

सरांनी ते यंत्राला तीन वेळा म्हणायला लावलं. मग मॅडमना फोन लावला. "झालं. एकट्यानं केलं. कुणी नव्हतं." मग त्या पाड्यावरच्या मुलीला लावला आणि तिला तेच सांगू लागले, पहिल्यापासून, आता इथं दाब, आता ऐक, घाई नाय. मी खुर्ची उचलून भिंतीला लावली. तिचे पाय वाजू दिले नाहीत. पिशवी घेतली आणि जिन्यापर्यंत आले.

आतून सरांचा आवाज आला. "अजून आहेस का गो?"

रागावून विचारलं होतं का कसं, ते मला आजही सांगता येणार नाही. सर आता मुरबाडला परत गेलेत, मॅडमबरोबर, आणि मी त्यांना पुन्हा पाहिलेलं नाही. त्या वेळी मी पायरीवर उभी होते. दोन वर्षांत त्यांनी मला उत्तर हवं म्हणून विचारलेल्या प्रश्नांतला हा एकच असा होता, की ज्याचं उत्तर पडद्यावर बघून द्यायचं नव्हतं.

मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता जिना उतरले.