रक्त पातळ करायची सुई

माझी दुसरी मुलगी घरीच झाली. एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं, पण डहाणूच्या आमच्या किनाऱ्यावर बाळंतपणासाठी दवाखान्यात कुणी जात नसे. सुईण आली, मुलगी झाली, सगळं सुखरूप पार पडलं. आठवडा उलटला आणि माझा डावा पाय सुजायला लागला. आधी पोटरी, मग मांडी. कातडी ताणून चकचकीत झाली आणि पाय खाली टेकवला की जीव कासावीस व्हायचा.

सासूबाईंनी एरंडाची पानं शेकून बांधली. वात धरलाय म्हणून तेल लावून पाय चोळला. त्या सुक्या मासळीचा धंदा करायच्या. बोंबील वाळले की टोपली घेऊन तलासरीच्या बाजारात बसायच्या. विश्वास कुणावर ठेवायचा नाही, हे त्या बाजारात शिकल्या होत्या. व्यापाऱ्याचा काटा, गिऱ्हाइकाची चिल्लर, एसटीच्या कंडक्टरने दिलेलं तिकीट, सगळं उलटून बघायच्या. माझा पाय मात्र त्यांनी फार मायेने चोळला.

सूज उतरेना, तेव्हा माझा नवरा टांगा घेऊन आला. डहाणू रोडला स्टेशनपासून जवळच एका डॉक्टरीणबाईंचं छोटं हॉस्पिटल होतं. बाई घरी गुजराती बोलणाऱ्या, मराठी थोडं अडखळत बोलायच्या. त्यांनी शिंप्याची टेप घेऊन माझे दोन्ही पाय मोजले.

"चोळला काय हा पाय?"

"मग? दुखतो तर चोळणार नाही?" सासूबाई म्हणाल्या.

बाईंचा चेहरा उतरला. "आता कोणी हात नाय लावायचा. आतल्या शिरेत रक्त गोठून गाठ झालीय. तिचा तुकडा सुटला आणि छातीत गेला, तर माणूस बोलता बोलता जातो."

त्या म्हणाल्या, गाठ विरघळवायचं औषध मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांतून करून बघतायत असं ऐकलंय, पण ते आपल्याकडे नाही आणि ओल्या बाळंतिणीला ते द्यायची आपली छातीही नाही. रक्त पातळ ठेवायची सुई मात्र आहे. तिने गाठ वाढत नाही, मग शरीर आपलं आपण ती हळूहळू विरघळवतं. पण सुई द्यायच्या आधी त्यांनी प्रश्न सुरू केले. पोटात अल्सर आहे का? कधी रक्ताची उलटी झाली? कुठे पडलीस, डोक्याला मार लागला? दात काढलाय? अंगावरून किती जातंय अजून? घरचं, वैदूचं काय औषध घेतलं?

सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "जिला औषध ठाऊक आहे ती एवढं विचारते कशाला गो? ही चाचपडतेय."

आणि मग मोठ्याने, "बाळंतिणीचं रक्त पातळ करणार? माझी धाकटी बहीण बाळंतपणात रक्त जाऊन मेली. खाटेखाली परात ठेवली होती, ती भरलेली मी बघितली. सुई नको."

बाईंनी ते ऐकून घेतलं. "मावशी, भीती खोटी नाय तुमची. त्यासाठीच मी विचारते. रक्त जास्त जायला लागलं तर सुई बंद करणार. नाय दिली, तर गाठ वर सरकेल."

"म्हणजे देऊनही मरू शकते आणि न देऊनही?" नवऱ्याने विचारलं.

"हो. पण न देण्यात धोका जास्त."

त्याने माझ्याकडे बघितलं. मला त्या बाईंचा भरवसा वाटत होता असं नाही. एवढं खरं बोलणारा डॉक्टर मी पाहिला नव्हता आणि त्यामुळेच मला शंका येत होती. बरं करणारी माणसं अशी बोलतात का? पण श्वास घेताना छातीत उगाचच काही टोचल्यासारखं वाटायला लागलं होतं. मी म्हटलं, "द्या."

सुई सुरू झाली. दर थोड्या तासांनी नर्स यायची, हाताचं रक्त काढून काचेच्या नळीत घ्यायची आणि नळी तळहातात धरून, घड्याळाकडे बघत, हळूहळू कलती करायची. किती वेळाने गोठतं ते बघून बाई पुढची सुई ठरवायच्या. सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही.

"रोज रोज रक्त नेतात कुठे? विकत असतील मुंबईला."

एके दिवशी त्या नर्सच्या मागोमाग गेल्या आणि परत येऊन खाटेवर बसल्या. "ओतून टाकलं मोरीत. माझ्या डोळ्यांदेखत."

"मग झालं ना तुमचं समाधान?"

"कसलं समाधान? ओतायचंच होतं तर घेतलं कशाला?"

पायाचा ठणका काही थांबत नव्हता. बाई म्हणायच्या, पाय उंच ठेव, धीर धर. सासूबाई घरून माझ्यासाठी भाताची पेज आणायच्या. मधेच एक दिवस ती पेज मला आंबटकडू लागली.

"पेज अशी का लागते?"

"तापाच्या तोंडाला तसंच लागतं. पी."

मला ताप नव्हता. तरी प्यायले. त्या दिवशी दुखणं बरंच कमी झालं आणि मला वाटलं, सुई लागू पडली. पुढचे दिवसही पेज तशीच लागत राहिली.

मग एका दुपारी सासूबाईंनी नेहमीसारखी माझी चादर उचलून पाहिली. हॉस्पिटलवाल्यांवर नजर ठेवायची म्हणून त्या सारखी चादर उचलायच्या आणि मला त्याची लाज वाटायची. यावेळी त्यांनी ओरडून नर्सला बोलावलं. खालचं कापड रक्ताने भिजलं होतं. मला कळलंच नव्हतं, नुसती ग्लानी येत होती.

नर्स म्हणाली, "बाळंतिणीला जातंच."

"एवढं? मला शिकवतेस?" सासूबाई धावत हॉस्पिटलमागच्या डॉक्टरीणबाईंच्या घरात गेल्या आणि जेवायला बसलेल्या बाईंना खरकट्या हातानिशी उठवून घेऊन आल्या.

बाईंनी सुई बंद केली. माझं पोट घट्ट दाबून धरलं, सलाईन लावली, स्वतः नळीत रक्त घेतलं. नळी त्यांनी पुन्हा पुन्हा कलती करून पाहिली. "हे तर ठरल्या वेळेतच गोठतंय," त्या म्हणाल्या. "सुई जास्त नाय झाली. मग एवढं रक्त का?" त्यांनी नर्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नर्स रडायला लागली. "मी नाही बाई, दुसरं काही दिलं नाही."

बाई मला म्हणाल्या, "तू काय घेतलंस?"

"काही नाही. फक्त पेज कडू लागते." मी सहज बोलून गेले आणि सासूबाईंनी मान खाली घातली.

"मावशी?"

त्या म्हणाल्या, "तलासरीला दुकानात मिळते ती पुडी. डोकं दुखलं की आम्ही सगळे घेतो. पोर विव्हळत होती. तुम्ही नुसतं धीर धर म्हणता."

बाईंनी दोन्ही हात डोक्याला लावले. "त्या पुडीनेसुद्धा रक्त थांबायचं थांबतं, मावशी! माझी सुई आणि तुमची पुडी, दोन्ही एकदम! मारली असती तिला."

मी कधी न पाहिलेली गोष्ट तेव्हा पाहिली. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. पण गप्प नाही बसल्या. "आधी काय दिलं ते तुम्ही विचारलंत. नंतर काय द्यायचं नाही, ते सांगितलंत का?"

"नाय सांगितलं," बाई म्हणाल्या. "सांगायला हवं होतं."

संध्याकाळपर्यंत रक्त थांबत आलं. नवरा मासेमारीच्या बोटीवरून आला तेव्हा दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या होत्या. पुढे सुई पुन्हा सुरू करावी लागली, कमी मापाने. ती द्यायच्या आधी बाईंनी बाटली सासूबाईंच्या हातात दिली. वाचता येत नसतानाही त्यांनी ती उजेडात धरून वरखाली निरखली. मग म्हणाल्या, "द्या. पण मी इथून हलणार नाही."

माझी सूज उतरली. पूर्ण नाही, आजही संध्याकाळी तो पाय जड होतो. घरी जाताना बाईंनी बजावलं, "एवढ्यात आणखी मूल नको. आणि झालंच तर दिवस राहिल्या राहिल्या माझ्याकडे यायचं."

टांग्यात सासूबाई मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. स्टेशन मागे पडलं तशा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "पुढे मूलच होऊ नये असं काही टोचलं तर नसेल ना गो तिने?"

ही शंका त्यांना माझा मुलगा होईपर्यंत पुरली. तो त्याच हॉस्पिटलात झाला आणि चादर उचलायला सासूबाई तिथेही होत्या.