तेवीसशे एकोणतीस, सर्वांस

आमच्या घरात माझ्या अकलेबद्दल कुणाचं फारसं दुमत नाही. रिमोटची कुठली कळ दाबायची हे मला दरवेळी विचारावं लागतं, आणि कुकरची शिट्टी झाली की मी फोन उचलायला जातो. त्यामुळे मुलगी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटरच्या डिप्लोमाचं गणित घेऊन बसली होती, तेव्हा मी शेजारून "चौसष्ट नाही, बासष्ट" म्हणालो, तर तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

गणित असं होतं. एका ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना १९२.१६८.१०.० पासून पुढचे दोनशे छप्पन्न पत्ते दिलेत. त्यांचे चार सारखे भाग करा. भाग कुठे पाडायचा ते सांगणारा आकडा, म्हणजे मास्क, येतो २५५.२५५.२५५.१९२, तो तिनं बरोबर काढला होता. दोनशे छप्पन्न भागिले चार, प्रत्येकी चौसष्ट. म्हणून तिनं एकेका भागात चौसष्ट कॉम्प्युटर बसवून टाकले आणि पुस्तकाच्या मागचं उत्तर काही जुळेना.

"बाबा, तुम्ही मागचं उत्तर बघितलंत."

"माझा चष्मा कुठाय?"

चष्मा देवघरात होता. तेव्हा कुठे तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"पहिला नंबर वस्तीचा, शेवटचा सगळ्यांचा. मधले उरले ते माणसांचे. ह्यात मी एकदा तोंडावर आपटलोय."

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "आपटलात तुम्ही. लागलं मला."

मग गोष्ट सांगावीच लागली.

बहात्तर सालचा तो मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. कॉलेजात इंटरच्या परीक्षेला दोनदा नापास झालो होतो आणि नगरमध्ये वडिलांच्या नजरेसमोरून दिवसातून दहा वेळा जात होतो. एका काकांनी शब्द टाकला आणि मी शेवगावच्या पूर्वेला एका पाझर तलावाच्या कामावर हजेरी कारकून म्हणून चिकटलो. वडिलांनी देवापुढे साखर ठेवली. ती माझ्या नोकरीसाठी होती की मी जाण्यासाठी, हे मी विचारलं नाही.

कामावर आसपासच्या गावांतली दोन-अडीच हजार माणसं होती. कुणी खडी फोडत होतं, कुणी माती वाहत होतं. शेतीवाडी असलेली घरंच्या घरं येऊन पालं ठोकून राहिली होती, कारण रानात करायला काही नव्हतंच. प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीला बांधलेला पत्र्याचा बिल्ला, त्यावर चार आकडे. पहिले दोन टोळीचे, पुढचे दोन माणसाचे. तेवीसशे पंधरा म्हणजे तेविसाव्या टोळीतला पंधरावा माणूस. हजेरीपुरती ही सोय होती. तिचं शास्त्र मी केलं.

त्याला कारण पत्रं. पोस्टमन दोन दिवसांआड सायकलवर यायचा आणि पिशवी माझ्या तंबूत उलटी करून पाणी न पिता निघून जायचा. आता एकाच नावाची, एकाच आडनावाची सात-सात माणसं एका टोळीत. एकाची सासू गेल्याचं पत्र दुसऱ्याला मिळायचं, तो दिवसभर रडायचा, आणि संध्याकाळी आपली सासू धडधाकट आहे हे कळलं की पुन्हा रडायचा. म्हणून मी फर्मान काढलं की नातेवाइकांनी पत्त्यात बिल्ल्याचा नंबर घालावा, नावाच्याही वर, ठळक. आणि चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून एक पट्टी केली. पट्टीला खिडकी पाडली, दोन आकडे मावतील एवढी. पट्टी पाकिटावर ठेवली, की नाव झाकलं जायचं, माणसाचे आकडे झाकले जायचे, फक्त टोळी दिसायची. तेवीस दिसलं, टाक तेविसाच्या तेलाच्या डब्यात. पुढे त्या टोळीचा मुकादम शेवटचे दोन आकडे बघून माणूस शोधील. मी नावं वाचतच नव्हतो. नावं वाचणं हे अडाणीपणाचं आहे असं माझं मत झालं होतं.

मुलगी म्हणाली, "हा सबनेट मास्कच झाला की. पत्त्यातला कुठपर्यंतचा भाग जाळ्याचा आणि कुठून पुढे मशीनचा, हे मास्क सांगतो."

"आमच्याकडे त्याला पुठ्ठा म्हणत."

आणखी एक सोय केली होती. प्रत्येक टोळीत दोन नंबर माणसांना द्यायचे नाहीत. शेवटी शून्य शून्य असलं म्हणजे खुद्द टोळी, हजेरीच्या मस्टरच्या माथ्यावर लिहायला. शेवटी नव्व्याण्णव असलं म्हणजे टोळीतले सगळे. ओव्हरसियरसाहेबांची नोटीस असली की तपकिरी पाकीट यायचं, वर २३९९. ते मी फोडून टोळीपुढे मोठ्यानं वाचायचं, आठवडी बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी काम बंद असायचं आणि माणसं पालावर सापडायची. साहेब एकदा म्हणाले, "कारकून, तुला डोकं आहे." इंटरला दोनदा नापास झालेल्या माणसाला हे वाक्य फार महागात पडतं.

पुढे तेविसावी टोळी फुटली. थोडी खाणीवर, थोडी बांधावर, थोडी सांडव्याच्या खोदाईला, अशा दहा-दहा माणसांच्या दहा तुकड्या लांब लांब बसल्या. नवे बिल्ले पाडायला पत्रा नव्हता. मी म्हणालो, पत्रा कशाला हवा, पुठ्ठा आहे ना. कात्रीनं खिडकी एका आकड्यानं रुंद केली. आता तेवीसच्या जागी दोनशे तीस, दोनशे एकतीस, दोनशे बत्तीस असं दिसायला लागलं, एकेका तुकडीला एकेक डबा. नियम तोच. शेवटी शून्य म्हणजे तुकडी, शेवटी नऊ म्हणजे तुकडीतले सगळे. साहेबांना तसं लेखी कळवलं. स्वतःवर इतका खूष होतो, की त्या दिवशी रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे त्या परदेशी ज्वारीची, भाकरीसुद्धा गोड लागली, आणि ती ज्यांनी खाल्ली आहे त्यांना कळेल मी कुठल्या अवस्थेत होतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली नाही. टोळी एक होती तेव्हा माणसाला न द्यायचे नंबर दोनच होते. दहा तुकड्या केल्यावर ते वीस झाले, आणि त्यांतले अठरा बिल्ले आधीच माणसांच्या गळ्यात होते. अठरा जिवंत माणसं मी कात्रीच्या एका फटक्यात पत्त्यावरून पुसून टाकली होती.

"प्रत्येक तुकडीत आठच उरले," मुलगी बोटं मोजत म्हणाली. "आठ दाहे ऐंशी. आधी अठ्ठ्याण्णव."

"तेव्हा तू नव्हतीस ना तिथं."

त्या आठवड्यात पिशवीतून एक तपकिरी पाकीट पडलं. सरकारी शिक्का, वर २३२९. पट्टी ठेवली, दोनशे बत्तीस. शेवटचा आकडा बघितला, नऊ. म्हणजे सर्वांस. नाव पुठ्ठ्याखाली होतं आणि ते तिथंच राहिलं. बाजाराच्या दिवसाला तीन दिवस होते, पाकीट तीन दिवस डब्यात पडून राहिलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी खाणीजवळ तुकडी गोळा झाली. शेजारच्या तुकड्यांतलेही येऊन बसले, कारण नोटिशीत सुकडी, म्हणजे मजुरांना मिळणारा कोरडा सरकारी खाऊ, कधी वाटणार ते असायचं. मी पाकीट फोडलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "आपणास कळविण्यात येते की, परिचारिका प्रशिक्षणासाठी आपली निवड चाचणी उद्या सकाळी दहा वाजता नगर येथे घेण्यात येईल. सोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणावा." पत्रात तारीख होती. ती उद्याची निघाली, म्हणून लोकांना समजावं म्हणून "उद्या" मी माझ्या पदरचं घातलं.

मग एका भल्यामोठ्या मिशांच्या खडी फोडणाऱ्यानं विचारलं, "परिचारिका म्हंजी काय वो?"

"नर्स."

"मलाबी?"

"सर्वांस आहे."

एक म्हातारी पुढे सरकली. "बाबा, दाखला कशाचा रं? म्या तर शाळेची पायरी पायिली न्हाई. माझ्या लेकाचा चालंल का?"

"त्या नर्सला सुकडी वायली मिळती का?" आणखी कुणीतरी विचारलं.

मी गंभीरपणे सांगत होतो की शासनाचा हेतू चांगला असणार, तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. अठरा-एकोणीस वर्षांची, हाताच्या बोटांना खडीनं फोड आलेले, गळ्यात बिल्ला.

"ते माझं हाय," ती म्हणाली.

मी म्हणालो, "हे सगळ्यांचं आहे. शेवटी नऊ आहे."

तिनं बिल्ला उचलून माझ्या नाकासमोर धरला. २३२९. मग माझ्या हातातलं पाकीट घेऊन त्यावरचं नाव बोट ठेवून वाचून दाखवलं, मुळाक्षरं शिकवावीत तसं.

तिच्याच तुकडीत, तेवीसशे अठ्ठावीसचा बिल्ला गळ्यात घालून, तिचे वडील, अण्णा, बसले होते. त्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं. अर्ज तिनं लपून केला होता. सातवी पास झाल्यापासून तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं आणि नर्स होण्याचा विषय एकदा निघून मार खाऊन बसला होता.

वडील दुपारी माझ्या तंबूत आले. आवाज चढवला नाही, त्यामुळे मी जास्त घाबरलो.

"सायेब, माझ्या लेकीचं पत्र तुमी समद्यांम्होरं वाचलं."

मी पुठ्ठा काढून दाखवला. खिडकी, टोळी, तुकडी, शून्य, नऊ, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी ज्याचा नंबर नवावर, त्यो सगळ्यांचा."

"हो."

"म्हंजी माझी लेक सगळ्यांची?"

माझ्या शास्त्राला कुणी इतक्या थोडक्यात निकालात काढलं नव्हतं. मी पुठ्ठा पाठीमागे लपवला.

"आता असं झालंय," ते म्हणाले, "की न्हाई धाडली तर उद्या आख्खी खाण म्हनंल, बापानं आडवली. त्यो मिशीवाला सकाळधरनं इचारतोय, पोरगी कवा निघनार. म्हातारी म्हनती, आमच्यात येक तरी नर्स हुंद्या. घरात इचारलं आसतं तर म्या न्हाईच म्हनलो आसतो. तुमी चावडीवर इचारलं."

"मी काही विचारलं नाही. मी फक्त वाचलं."

"त्येच." ते उठले. "चूक तुमची. तवा जायची सोय तुमी करायची. तिची आत्या जाईल संगं."

एस.टी. सकाळीच निघून गेली होती. सुकडीची पोती उतरवून ट्रक चार वाजता नगरला रिकामा परत जायचा. ड्रायव्हर म्हणाला, बाया न्यायच्या तर साहेबाची चिठ्ठी हवी. साहेब बाजारात गेलेले. मी नियमांवर बोलायला लागलो, सहानुभूतीवर बोललो, शेवटी विडी देऊ केली. काही उपयोग झाला नाही. तेवढ्यात ती पुढे झाली आणि तपकिरी पाकीट त्याच्यासमोर धरलं. ड्रायव्हरला वाचता येत नव्हतं, पण सरकारी शिक्का कळत होता. त्यानं केबिनचं दार उघडलं.

"दाखला?" मला एकदम आठवलं. "दाखला तर गावाकडं असेल."

तिनं कमरेच्या पिशवीतून युरियाच्या पोत्यातल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. दुष्काळी कामावर खडी फोडायला येताना तिनं शाळा सोडल्याचा दाखला बरोबर आणला होता. तिच्या वडिलांनी तो कागद बघितला, मग तिच्याकडे बघितलं. मग आत्याला म्हणाले, "वारं लागंल, डोक्याला बांध काय तरी," आणि मागं न बघता खाणीकडे गेले.

ती पास झाली. पुढे तीन वर्षांनी ती माझ्या घरात कशी आली हा वेगळा विषय आहे आणि त्यातही माझी हुशारी कुठेच नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी अठरा बिल्ले परत घ्यायला निघालो. शून्यवाल्यांनी दिले. नऊवाले देईनात. म्हातारी म्हणाली, तिला कुणीच पत्र वाचून दाखवत नाही, नऊ असला की कारकून स्वतः येऊन मोठ्यानं वाचतो, तर तिला नऊच हवा. काम संपेपर्यंत मी तिच्या भाच्याची पत्रं आख्ख्या खाणीला वाचून दाखवत होतो. त्या भाच्याच्या मूळव्याधीची प्रगती सगळ्यांना पाठ होती.

मुलीनं चौसष्ट खोडून बासष्ट लिहिलं. मग पेन्सिल तशीच धरून आईला विचारलं, "आणि पत्र गुपचूप तुझ्याच हातात पडलं असतं तर?"

ही पोळ्या लाटत होती. लाटलेली पोळी तिनं तव्यावर टाकली.

"चुलीत घातलं असतं," ती म्हणाली. "अर्ज करायची हिंमत होती. अण्णांना विचारायची नव्हती."

मी जरा छाती पुढे काढली. ही त्या बाजूला न बघताच म्हणाली, "अहो, तुम्ही नका फुगू. तुम्ही फक्त नाव वाचलं नव्हतं."

मुलीनं पुढचं गणित माझ्यापुढे सरकवलं. आता दोनशे छप्पन्नचे आठ भाग होते आणि मास्क बायनरीत लिहायचा होता, एक आणि शून्य, एक आणि शून्य. पुठ्ठ्यात हे नव्हतं. मी चष्मा लावला, बराच वेळ कागदाकडे बघितलं, आणि दूध आणायचं राहिलंय असं म्हणून उठलो.