हरणीला पुन्हा गाभण ठेवायचं का?

एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "पिल्लं पाच आहेत. पहिलं आडवं अडकलंय. आता वाट बघू नका, सिझेरियन करावं लागेल."

हरणी माझ्या मांडीवर डोकं टाकून धापत होती. ती आमची कारवानी कुत्री, तीन वर्षांची, लांब पायांची, नजर लागावी अशी देखणी. पहाटेपासून कळा देत होती. नऊच्या सुमाराला मागून हिरवट स्राव आला, तशी मी तिला गाडीत घातलं आणि कोडोलीहून थेट कोल्हापूर गाठलं. पहिलं पिल्लू बाहेर येण्याआधीच असा स्राव दिसला, तर आत वार, म्हणजे पिल्लाला पोसणारा गर्भाशयातला पडदा, सुटायला लागलेली असते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असावं, म्हणून लिहिते.

सोनोग्राफीत दोन पिल्लांचे ठोके मंदावलेले दिसले. डॉक्टर त्याला फीटल डिस्ट्रेस म्हणाले, म्हणजे पिल्लं पोटात गुदमरायला लागली होती.

"गर्भाशय याच ऑपरेशनमध्ये काढायचं का?" त्यांनी विचारलं.

मी आण्णांना, माझ्या सासऱ्यांना, फोन लावला. आण्णांनी आयुष्यभर शिकारी कुत्री पाळली. हरणी त्यांचीच.

"पिशवी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आसली जात पुन्हा मिळत न्हाय. पर तिला वाचवा म्हणावं."

थोड्या वेळानं डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि टॉवेलात एक पिल्लू ठेवलं. "चोळा. घाबरू नका, जोरात चोळा." मी चोळत राहिले. ते ओल्या मोज्यासारखं ढिलं होतं. मग त्यानं एकदम चीं केलं, आणि मला रडूच फुटलं. चार पिल्लं वाचली. आडवं आलेलं वाचलं नाही.

भूल उतरल्यावर हरणीनं पिल्लं हुंगली आणि तोंड फिरवलं. सिझेरियननंतर असं होतं, घाबरू नका. विताना ज्या क्रमानं सगळं घडतं, ते तिच्या लेखी घडलेलंच नसतं. दोन दिवस मी तिचं डोकं थोपटत एकेक पिल्लू आचळाला लावलं. तिसऱ्या दिवशी तिनं सगळ्यात बारकं पिल्लू चाटलं, आणि मग मलाच जवळ येऊ देईना.

पिल्लं मोठी झाली, चांगल्या घरी गेली. तिचा पुढचा माज, म्हणजे नर दाखवायचा काळ, डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडून दिला. त्यानंतरचा माज जवळ आला, तसे आण्णा म्हणाले, "औंदा ठिवूया की. कुरुंदवाडला एक नर बघून ठेवलाय."

माझी मुलगी सिझेरियननं झाली. त्यानंतर दुसऱ्या मुलाबद्दल घरातले सगळे बोलले होते, मला सोडून. तेव्हा मी गप्प बसले. या वेळी मी म्हणाले, "आण्णा, आधी दवाखान्यात जाऊ. तुम्हीही चला."

दवाखान्याच्या पायरीशी हरणी थबकली. पाय रोवले, अंग थरथरायला लागलं. आण्णांनी तिला उचललं आणि तपासणी होईपर्यंत हात तिच्या पाठीवरून काढला नाही.

डॉक्टरांनी काहीच लपवलं नाही. "गाभण ठेवू शकता. एकदा सिझेरियन झालं म्हणजे दर वेळी होईलच असं नाही. पण जिथं वार चिकटली होती, तिथं गर्भाशय पातळ झालेलं मी ऑपरेशनमध्ये पाहिलंय. कळांच्या जोरानं ते फाटू शकतं. तिथं घातलेला टाका किती धरेल, हे आधी सांगता येत नाही."

"म्हंजे जीव जाऊ शकतोय?"

"जाऊ शकतो."

परतताना पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर आण्णा म्हणाले, "आमची एक कुत्री हुती, लक्षी. तिचं पिल्लू आडलं. दोन दिस गोठ्यात वरडत हुती. मी म्हणालो, जनावर हाय, आपलं आपण हुईल. गेली." मग हरणीकडं बघत म्हणाले, "तवा मला सांगणारं कोण न्हवतं. आता डाक्टरनं तोंडावर सांगितलंय. मग मी कशाला तिचा जीव टांगणीला लावू?"

"मग काय करायचं?"

"काढून टाकूया पिशवी."

माज येण्याआधीच स्पे सर्जरी झाली, म्हणजे गर्भाशय आणि अंडाशय काढली.

तुमच्यावर हा निर्णय घ्यायची वेळ आली, तर ज्यांनी पहिलं ऑपरेशन केलं त्यांनाच विचारा, की आत काय दिसलं होतं. 'होईल का' एवढंच विचारून उठू नका. 'बिघडलं तर काय' हेही विचारा. आणि घरातल्या सगळ्यात हट्टी माणसाला सोबत न्या. आमच्याकडं तोच सगळ्यात मायाळू निघाला.

टाके काढल्यावर हरणीला उसाच्या मोकळ्या झालेल्या रानात सोडलं. ती कान पाडून अशी सुटली, की पाय जमिनीला लागतायत की नाही कळेना. आण्णा बांधावर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"आगं बघ की, कशी पळतीया!" ते ओरडले. "पळ माझे बाई, पळ!"