खोकल्याचा रकाना

आमच्या बाबांकडे हळद शिजवायचं गुत्तं, म्हणजे कंत्राट, असायचं. हळद उकडायचा स्वतःचा मोठा कुकर, सोबत चार माणसं, आणि हळद निघाली की वसमतच्या बाजूला आज या शेतात, उद्या त्या. कुणाचे नोकर नव्हते, त्यामुळे आजारी पडायची सोयही नव्हती. धुरानं आणि पॉलिशच्या ड्रममधून उडणाऱ्या पिवळ्या धुळीनं त्यांची छाती भरून गेली होती. घरी खोकून खोकून वाकायचे. शेतमालक दिसला की खोकला गिळून ताठ उभे. खोकणाऱ्याला पुढच्या साली गुत्तं कोण देणार? "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणायचे.

आरोग्य विम्याचा हट्ट माझा. घरात बारावी झालेली मी एकटीच, तेव्हा शहाणपणाचा मक्ताही माझाच. विम्याचा माणूस आला तो थेट शेतात, कुकर पेटलेला असताना. फॉर्म मी भरत होते. "जुना काही आजार?" त्यानं विचारलं. शेतमालक शेजारीच चहा पीत उभा होता.

"कायचा आजार? दगडावानी हाये मी," बाबांनी छाती ठोकली.

तो खोकला मी रोज ऐकत होते. तरी मालकाकडे पाहिलं आणि रकान्यात 'नाही' लिहिलं. मागाहून फोन करून दुरुस्त करू म्हटलं, आणि केला नाही.

दोन वर्षांनी बाबांना नांदेडला भरती केलं. डॉक्टरांनी विचारलं, खोकला कधीपासून? माय पदर सावरत म्हणाली, "लई दिस झाले साहेब. सहा-सात वर्सं तरी." ते केसपेपरवर गेलं. मग कंपनीचं पत्र आलं: जुना आजार लपवला, दावा नामंजूर. मायला मी वाचून दाखवलं, 'खोकला जुना निघाला म्हणून खर्च मिळणार नाही.' 'लपवला' हा शब्द गाळला.

"चला घरी," बाबा म्हणाले. आम्ही घरी आणलं. पोळ्याच्या आधी ते गेले.

कंपनीचा राग येतो, मालकाच्या त्या चहाचाही येतो. पण सगळ्यात जास्त माझाच.

माय अजूनही काम करता करता मधेच थांबते. "काहून बोलले मी डॉक्टरपुढं? गप ऱ्हायले असते तर वाचले असते की हे."

"तुझं काही चुकलं न्हाई, माय," मी म्हणते.

"मंग कोनाचं चुकलं?"

ती दर वेळी विचारते. मी दर वेळी चहा ठेवायला उठते.