'जालं' की 'झालं'?

यंत्राशी भांडणारी माणसं पुष्कळ असतील, पण त्याला कोळ्यांची भाषा येत नाही म्हणून त्याच्यावर चिडणारा माणूस अख्ख्या विरारमध्ये एकच, आणि तो नेमका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. काका बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातले. आईच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी तिच्या गप्पा फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्या. पुण्यात वाढलेल्या काकांच्या नातीला ते बोलणं ऐकून कळेना, म्हणून लिहून काढायचं ठरलं. ऐकून आपोआप टाइप करणारं सॉफ्टवेअर मी त्यांच्या कॉम्प्युटरवर घालून दिलं, तेव्हापासून त्याच्या सगळ्या चुकांचा धनी मीच.

ते इंटरनेटशिवाय चालतं, एवढ्यावरच काकांनी ते पसंत केलं. तरी संशय फिटेना. काम सुरू करताना ते वायफायचा डबा बंद करतात आणि वर टोपलं पालथं घालतात. "आई जन्मात वसईच्या खाडीपलीकडे गेली नाही, तिचा आवाज आता अमेरिकेला पाठवू होय?" मग पंखा बंद, कुकर बंद. एका रविवारी आमचा मिक्सर सुरू होताच दार वाजवून म्हणाले, "जरा थांबा, तो ऐकतोय." आम्ही इडल्या चटणीशिवाय खाल्ल्या. कोण ऐकतोय, हे इडली खायला आलेल्या पाहुण्यांना सांगता सांगता माझी पुरेवाट झाली.

आणि इतकं ऐकून तो लिहितो काय? आई 'पानी' म्हणाली की 'पाणी'. काका भडकतात. "ही कोण बाई? आमच्या घरात पाणी कुणी म्हणत नव्हतं." स्वतः बँकेत जन्मभर पाणीच म्हणाले, ते सोडा. खरा घोळ जाळ्याचा. जाळ्याला आई 'जालं' म्हणायची, तो लिहितो 'झालं'. झालं फाटलं, झालं उन्हात टाकलं, बाबा झालं घेऊन गेले. वाचून मला भोवळ यायची बाकी राहिली. काका मात्र एकेक 'झालं' खोडून 'जालं' करत बसले.

शेवटच्या रेकॉर्डिंगपाशी गाडं अडलं. आई बराच वेळ गप्प, मग एकच शब्द. यंत्रानं लिहिलं, 'झालं'. काकांनी सवयीनं 'जालं' केलं आणि थबकले. मला हाक मारली. "आमच्यात झालं यालाही जालंच म्हणतात रे. तिला जाळं आठवलं, की संपलं म्हणायचं होतं?" आम्ही पुन्हा पुन्हा ऐकलं. मला काय कळणार? त्यांनाही कळेना, आणि आता विचारायचं कुणाला.

नातीला ते कागद अजून गेलेले नाहीत; त्या एका ओळीत काका कधी जाळ्याचं 'जालं' ठेवतात, कधी संपल्याचं 'झालं'. मी गेलो की हळूच तेवढीच ओळ बघतो. 'जालं' असेल त्या दिवशी काका खुशीत असतात, चहा मिळतो. काल 'झालं' होतं. टोपलं नुसतंच कोपऱ्यात पडलं होतं. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन मी मुद्दाम मिक्सर लावला. कुणी दार वाजवलं नाही.