निळ्या गाडीवरची पैज

पेट्रोलचा वास आला की नव्वदच्या दशकातली, बहारीनमधल्या मुहर्रकची ती दुपार आठवते. टीव्हीवर परदेशी शहराच्या अरुंद, पावसाने निसरड्या रस्त्यांवर मोटारींची शर्यत चालली होती आणि मी अतिशहाणी ह्यांना म्हणाले, "माझी निळी जिंकली तर मला गाडी शिकवायची." निळी का, तर माझी साडी निळी. "तुझी निळी शेवटून मोज," हे हसले. पण पुढच्या गाड्या एकेक करून आपटल्या, बंद पडल्या आणि निळी जिंकली. ह्यांनी किल्ली दिली, "यल्ला, चल." गल्लीत मी इतकी हळू चालवली की हे उतरून शेजारून चालत शिकवू लागले. शेजारीण दारातून म्हणाली, "बंद पडली का गं, धक्का देऊ?" मी शर्यत जिंकल्यासारखा हात हलवला. आता मागच्या सीटवर नातवंडं कुरकुरतात, "आजी, किती हळू!" त्यांनाही तोच हात दाखवते.